आत्या कोण आहे, ते त्यांना सांग

मंजू, परवा तू विचारलंस, "ताई, खरं सांग, मी वाईट मुलगी आहे का गं?" आणि आप्पा खोलीत आले म्हणून घाईघाईने फोन ठेवून दिलास. तर उत्तर आधी देते. नाहीस. आता चहा घे, पाय वर घेऊन बस आणि बाकीचं नीट ऐक. आमच्या सासूबाईंच्या वेळी मला हे सांगायला कुणी नव्हतं, नावं ठेवायला मात्र अख्खी सोसायटी होती.

लोक बोलणारच. "दोन-दोन मुलं असून आईला आश्रमात टाकली" हे तुझ्या कानावर येणार, आणि म्हणणाऱ्यांपैकी एकानेही तुझ्या आईबरोबर, माझ्या आत्याबरोबर, एक रात्र काढलेली नसणार. दिवाळीला येऊन तासभर बसायचं, "अगं, छान बोलतात की, मला नावानिशी ओळखलं" म्हणायचं आणि चकली खाऊन निघायचं. डिमेन्शियाचं माणूस पाहुण्यांसमोर किती सावरून बसतं आणि पाहुणे गेल्यावर त्याची किंमत घरच्यांना रात्रभर कशी मोजावी लागते, हे तुला मी सांगायला नको. फारच कुणी मागे लागलं तर म्हण, "येत्या शनिवारी रात्री आठ ते सकाळी आठ तुम्ही बसता का तिच्याजवळ?" आमच्याकडे एक चुलत जाऊबाई होत्या, हे विचारल्यापासून त्यांचा फोन बंद झाला तो झालाच.

तुझ्या भावाने, सुहासने, तुला कायद्याची भीती घातली म्हणे. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, आणि आईवडिलांना वाऱ्यावर सोडून देणाऱ्याला त्यात तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूदही आहे. पण पैसे भरून, औषधपाणी बघून, येऊन-जाऊन असणाऱ्या मुलीसाठी ते कलम नाही. टोरांटोत बसून कलमं शोधणाऱ्याला म्हणावं, महिन्याचा अर्धा खर्च पाठवशील का तेवढं शोध.

आणि हे संकट फक्त आपल्याच घरावर आलंय असंही समजू नकोस. देशभरातल्या ज्येष्ठांचा एक मोठा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात साठीपुढच्यांपैकी सुमारे ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया असावा असा अंदाज निघाला, म्हणजे ८८ लाखांच्या आसपास माणसं. पुरुषांपेक्षा बायकांत प्रमाण जास्त. निस्तरणाऱ्याही बहुतेक बायकाच, ते कुठल्या अभ्यासाने सांगायची गरज नाही. त्यामानाने खास डिमेन्शियासाठीच्या जागा अगदी थोड्या. नेहमीचे वृद्धाश्रम तर दारातच विचारतात, "स्वतःचं स्वतः करतात ना?" आणि उत्तर ऐकून हात जोडतात. म्हणून शोधाला आत्ताच लाग, गरज डोक्यावर येऊन पडेपर्यंत थांबू नकोस.

बहुतेक घरांत हा निर्णय हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये होतो बघ. म्हातारी पडते, खुबा मोडतो, ऑपरेशन होतं, डिस्चार्जची तारीख समोर येते. मग जिथे खाट रिकामी असेल तिथे घाईघाईत नेऊन ठेवायचं. जागा पाहिलेली नाही, माणसं माहीत नाहीत, आणि पेशंट आधीच भूल, सुया, अनोळखी भिंती यांनी भेदरलेला. तिथून रुळायला फार जड जातं. आत्या अजून चालतेय, हातातल्या गोष्टी करतेय, कुणी प्रेमाने बोललं तर हसतेय. याच काळात नवी जागा अंगवळणी पडायची शक्यता जास्त. शिवाय, राग मानू नकोस, पण मला इथे आत्यापेक्षा आप्पांची काळजी वाटते. ऐंशी ओलांडलेला माणूस, हृदयात दोन स्टेंट, आणि बायको रात्री दाराची कडी काढते म्हणून उंबऱ्याला खुर्ची लावून झोपतो. आधी ते आडवे पडले तर तू कुणाकुणाकडे बघणार आहेस?

एक मात्र लगेच कर. गेल्या महिन्यात चार दिवसांत ती एकदम बिघडली म्हणालीस, भिंतीवर माणसं दिसायला लागली, चप्पल फेकून मारली. हा आजार साधारणपणे हळूहळू उतरत जातो, असा एका आठवड्यात कोसळत नाही. एकाएकी झालं तर आधी लघवीची तपासणी. म्हाताऱ्या बायकांना मूत्रमार्गाचा संसर्ग झाला तर ताप येतोच असं नाही, थेट भ्रमच होतो. सोडियम, बी-१२, थायरॉइड हेही बघून घे. यातलं काही निघालं तर औषधाने ती पुष्कळ सावरेल, आणि मग तिला कुठे आणि कशी ठेवायची याचा विचारही शांत डोक्याने होईल.

आता जागा बघायची कशी, ते. सकाळी अकराला, मॅनेजरला फोन करून जाऊ नकोस. त्या वेळी सगळ्यांच्या वेण्या घातलेल्या असतात. संध्याकाळी साडेपाच-सहाला जा, दिवेलागणीला. तिन्हीसांजेला ही माणसं कासावीस होतात, "घरी जायचंय" सुरू होतं, येरझाऱ्या सुरू होतात. दिवसपाळीची माणसं निघायच्या घाईत असतात. त्या अर्ध्या तासात तिथल्या बायका म्हाताऱ्यांशी कशा बोलतात, ते बघ. वास घे. एखादा कपडा खराब झाल्याचा वास कुठेही येईल, त्याला काही म्हणू नकोस. पण फिनेल आणि लघवी यांचा मुरलेला वास भिंतींना आला की पाय मागे घे.

आम्ही एके ठिकाणी गेलो होतो. खाली संगमरवर, फिशटँक, भिंतीवर हसऱ्या गोऱ्या म्हाताऱ्यांचे फोटो. वरच्या हॉलमध्ये बारा-पंधरा जण खुर्च्यांत ओळीने बसवलेले, समोर मोठ्या आवाजात हिंदी मालिका. त्यांच्यातला एकही हात हलत नव्हता. मी एका खुर्चीखाली वाकून पाहिलं, तर ओढणीने कंबर खुर्चीला बांधलेली. "पडू नयेत म्हणून," मॅनेजर म्हणाला. दुसरी जागा म्हणजे जुना बंगला, रंग उडालेला, स्वयंपाकघरातून फोडणीचा वास. व्हरांड्यात चार-पाच आज्या कापूस घेऊन वाती वळत बसल्या होत्या. त्यातल्या एक आजी वळत काहीच नव्हत्या. शेजारणीने वळलेल्या वाती त्या एकेक करून उलगडत होत्या आणि कापूस पुन्हा टोपलीत टाकत होत्या. शेजारीण तो उचलून परत वळत होती. तिथली मावशी भाजी निवडता निवडता हे सगळं बघत होती, आणि दोघींपैकी कुणालाच थांबवत नव्हती. आम्ही तिथेच पैसे भरले.

विचारायच्या गोष्टी पुष्कळ असतात, पण मी एका प्रश्नापासून सुरुवात करेन. रात्री किती माणसं जागी असतात? "स्टाफ असतो" हे उत्तर नव्हे. किती, आणि जागे की झोपलेले? पडल्या तर आधी कुणाला फोन, कुठलं हॉस्पिटल, बरोबर कोण जातं? आणि औषधं. "त्रास दिला तर थोडं शांत करायचं औषध देतो" असं हसत हसत सांगणाऱ्याकडे नीट बघ. डिमेन्शियाच्या वृद्धांना ही मनोविकारांवरची औषधं दिली तर मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ सालीच दिलाय. कधीकधी ती लागतात, हे मी नाकारत नाही. सासूबाईंनाही काही आठवडे लागली. पण डॉक्टरने तपासून, कारण सांगून, किती दिवस ते ठरवून. वॉर्डमधल्या पोराने कंटाळून दिलेली गोळी म्हणजे नुसती बांधाबांध, ओढणी तेवढी दिसत नाही.

भाषाही बघ. आत्याचं हिंदी मुळातच बेतास बात, आता तर तेही गळून चाललंय. आजार वाढला की मागाहून शिकलेल्या भाषा बहुधा आधी जातात. दिवसभरात निदान एका तरी माणसाशी तिला मराठीत बोलता आलं पाहिजे. आणि शक्यतो डोंबिवलीच्या टप्प्यातली जागा बघ. पुण्याला जास्त चांगल्या जागा आहेत असं तुला सगळे सांगतील, पण तिथे जायचं म्हणजे कल्याणहून गाडी गाठा, रजा टाका. तुला बुधवारी दुपारी न सांगता डोकावता आलं पाहिजे. जिथे घरचं माणूस केव्हाही टपकतं, तिथे त्या पेशंटची नखं कापलेली असतात. बोचरं आहे, पण आहे हे असं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे कुठल्याच फॉर्मवर विचारत नाहीत. फॉर्मवर वजन, साखर, बीपी, अॅलर्जी, विम्याचा नंबर असतो. त्या कागदावरून त्यांना पेशंट कळतो, आत्या कळत नाही.

आमच्या सासूबाई पहाटे पावणेचारला उठून बसायच्या. कितीही गोळ्या द्या, उठायच्याच. दार ठोठावायच्या, बाथरूमच्या नळाशी झटायच्या, अडवलं की शिव्या. रात्रीच्या वहीत रोज तेच, "पेशंट अॅजिटेटेड." डोस वाढवायचं चाललं होतं. मी वही वाचली आणि वेळ बघून लक्षात आलं. गिरगावच्या चाळीत पहाटे चारला पाणी यायचं. लग्न होऊन आल्या तेव्हापासून ती चाळ सुटेपर्यंत ही बाई रोज त्या वेळी उठून पिंप भरत होती. रात्रपाळीच्या मावशीला मी हे सांगितलं. तिने काय केलं असेल? एक छोटी बादली आणि तांब्या आणून ठेवला. सासूबाई उठल्या की नळ सोडून द्यायची. त्या तांब्या-तांब्याने बादली भरायच्या, हात पुसायच्या, "झालं बाई, आलं आज पाणी" म्हणायच्या आणि परत आडव्या व्हायच्या. डोस वाढवावा लागला नाही. ती मावशी सोलापूरकडची होती, तीही पाण्यासाठी उठलेलीच. तिला समजावून सांगायला लागलं नाही.

तर तू आत्याचा असा एक कागद कर. मोठ्या अक्षरात, मराठीत, दोन पानांच्या वर नको. ती महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती, हे पहिलं लिही. तिला "आजी" म्हटलं की ती खवळते, "बाई" म्हणा. घंटा वाजली की ती उठते, त्यामुळे जेवणाची घंटा तिच्या जवळ वाजवू नका, किंवा मुद्दाम वाजवा, तुम्हीच ठरवा. आंघोळ सकाळी, पुरुषाच्या हातून कधीच नाही. तोंडावर पाणी ओतलेलं चालत नाही. लहानपणी विहिरीत पडली होती, तेही लिही. कपात बशी पाहिजे, बशीतूनच पिते. चतुर्थीला जेवण समोर आलं तर ढकलून देईल, तेव्हा "चंद्रोदय झाला" म्हणा, जेवेल. कुठल्या गाण्यावर पाय हलतात, कुठल्या नावावर रडते. "नाना कुठे गेला?" विचारलं तर नाना म्हणजे तिचा धाकटा भाऊ, लहानपणीच गेलेला, म्हणून "वारला" असं दर वेळी सांगू नका, "शाळेत गेलाय" म्हणा. तू आणि आप्पा दोघं मिळून लिहा. आप्पांना हे काम दिलंस तर त्यांच्याही हाताला काही लागेल. ते आत्ता नुसते खुर्ची लावून बसलेत. आणि हा कागद ऑफिसच्या फायलीत जाऊ देऊ नकोस, तिच्या कपाटाच्या आतल्या दाराला चिकटव. आया बदलतात, वर्षात तीन-चार जणी येतात-जातात. दर नव्या बाईला स्वतः वाचून दाखव.

सामान नेताना सोनं घरी ठेव, ही सूचना सगळेच देतात. मंगळसूत्राशी येऊन गाडी अडेल, बघ. आप्पा नाही म्हणतील, आत्या किंचाळेल. वाट्या काढून घे आणि नुसती काळी पोत गळ्यात राहू दे, हाताला मणी लागले की तिला पुरे. सगळ्या ठिकाणी गाऊन घालतात, धुवायला सोपं म्हणून. आत्या जन्मात चार लोकांसमोर गाऊनमध्ये बसलेली नाही. तिच्या जुन्या सुती साडीची ओढणी करून दे, गाऊनवर पदरासारखी घेईल. कवळी, चष्मा, स्वेटर यांवर नाव घाल, तरीही ते हरवणार. एक दिवस ती दुसऱ्याच कुणाच्या तरी स्वेटरमध्ये दिसेल, तेव्हा लगेच मॅनेजरला धारेवर धरू नकोस. तुझी भांडायची ताकद मोठ्या गोष्टींसाठी राखून ठेव. पाठीवर, माकडहाडाशी लाली दिसली, वजन उतरलं, जेवताना ठसका लागायला लागला, अंगावर न सांगितलेला वळ दिसला, तर मात्र लेखी विचारायचं आणि लेखी उत्तर घ्यायचं.

सुरुवातीचे दिवस वाईट जातात. काही ठिकाणी "पंधरा दिवस भेटायला येऊ नका, रुळू दे" असं सांगतात. मला ते पटत नाही. रोज थोडा वेळ जा, ती शांत असते त्या वेळी. निघताना निरोप घेऊ नकोस, तिचं ताट समोर आलं की सटक. "ओळखलंस का मला, सांग मी कोण?" असली परीक्षा कधी घेऊ नकोस, आप्पांनाही घेऊ देऊ नकोस. "घरी ने" म्हणाली तर "हेच आता घर" असंही सांगू नकोस. घर म्हणजे डोंबिवलीचा फ्लॅट असेलच असं नाही, बहुतेक वेळा वाईचा तो घाटावरचा वाडा असतो. "वाड्यात मागे काय होतं गं?" विचार. ती पेरूच्या झाडापर्यंत गेली की जायचं विसरते.

सुहासला 'अस्तु' बघायला सांग. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांचा, मोहन आगाशे त्यात संस्कृतचे पंडित आहेत. ते हत्तीमागे भरकटत जातात आणि ते कोण आहेत हे मुळीच ठाऊक नसलेली माहुताची बायको त्यांना जेवू घालते. परक्या हातांत माया नसते हे जे सुहासच्या डोक्यात बसलंय, त्यावर मी बोलण्यापेक्षा ते बरं. आप्पांना मात्र इतक्यात दाखवू नकोस.

पैशांचं. शहरात बऱ्या जागा महिन्याला तीस-चाळीस हजारांपासून पुढे जातात, खोली एकटीची घेतलीस तर बरंच पुढे. डिपॉझिट वेगळं. डायपर, औषधं, फिजिओ, हॉस्पिटलला नेलं तर बरोबरच्या बाईचे पैसे, हे सगळं त्या आकड्याच्या बाहेर असतं, म्हणून "सगळं धरून गेल्या महिन्याचं एखादं बिल दाखवा" म्हण. आणि मुखत्यारपत्रावर विसंबू नकोस. आपल्याकडे करार कायद्यानुसार देणाऱ्याची समज गेली की मुखत्यारपत्रही संपतं, नेमकं जेव्हा लागतं तेव्हाच. तिला समजतंय तोवर वकिलाला आणि डॉक्टरला गाठून बँकेचं खातं जोडीने करून घे, नॉमिनी बघ. समज गेल्यावर पालकत्वासाठी उच्च न्यायालयाची पायरी चढलेली घरं मी पाहिली आहेत. कुणाशी बोलावंसं वाटलं तर एआरडीएसआय ही संस्था आहे, १९९२ पासून याच आजारासाठी काम करते. ज्येष्ठांची सरकारी हेल्पलाइन १४५६७ आहे.

सोडून आल्यावर त्या रात्री तुला गाढ झोप लागेल. सकाळी उठून त्याच झोपेची लाज वाटेल. वाटू दे, आणि परत झोप.

सुहास डिसेंबरात येतोय ना? त्याला नातेवाइकांकडे जेवणं झोडू देऊ नकोस. एक संध्याकाळ तुम्ही दोघं आणि आप्पा बसा आणि गिळता येईनासं झालं तर नाकातून नळी घालायची का, व्हेंटिलेटर लावायचा का, हे ठरवून ठेवा. तो विषय आयसीयूच्या दारात रात्री दोनला काढलात तर भावाबहिणींची कायमची तोंडं फिरतात. डॉक्टरांनाही आधी विचारून ठेव, शेवटच्या टप्प्यात नळीने आयुष्य वाढतंच असं नाही. आणि हे सगळं होण्याआधी नोव्हेंबर येतोय. आत्याच्या पेन्शनचा हयातीचा दाखला द्यायचाय. तिचे अंगठे आता मशीनवर उमटत नाहीत, म्हणून मोबाइलवर चेहरा दाखवून करतात तसा कर. त्यात डोळे मिचकावायला सांगतात, आणि सांगितलं की ती मुद्दाम वटारते. सकाळी नाश्त्यानंतर बस, "बाई, फोटो काढायचाय, वर्गाचा," म्हण. जमलं नाही तर रविवारी मी येते, दोघी मिळून करू.